त्रिशलाची पसंती

भरतेश मगदुमांकडे पाहुणा आला आणि जांभळ्या साडीची गोष्ट न ऐकता उठला, असं सांगलीत कधी घडलं नाही. वीज मंडळात उपकेंद्रांवर आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस. एरवी मोजून मापून बोलणारा. पण ही गोष्ट निघाली की गडी खुर्चीत पुढं सरकायचा.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. अप्पांनी (पुढं सगळेच त्यांना अप्पा म्हणायला लागले, तेव्हा आपणही तेच म्हणू) गणपती पेठेतून बायकोसाठी स्वतःच्या पसंतीनं साडी आणली. गर्द जांभळी, चकचकीत, आणि हातभर जरीचा पदर. त्रिशलानं घडी उलगडली, काठ चिमटीत धरून पोत बघितला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाळी दिली, "सासूबाई, बघा हो! ऐन चातुर्मासात ह्यांनी घरात वांगं आणलंय!"

जैनांचं घर. चातुर्मासात वांग्याचं नाव काढायचं नाही. सासूबाई हसता हसता पाटावरून कलंडायच्या तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी नव्या सुनेनं ती साडी दुकानात नेऊन परत केली आणि तिच्या बदल्यात एक साधी, मातकट रंगाची इरकल आणली.

"झालं! वांगं गेलं ते गेलंच!" अप्पा मांडीवर थाप मारून म्हणायचे. चहा घेऊन आलेली त्रिशला दारातूनच पुरवणी जोडायची, "रंगाचं एक वेळ सोसलं असतं हो. पण चकाकत किती होती मेली!"

सगळे हसायचे. अप्पाही हसायचे. पण खरं सांगायचं तर त्या हसण्याखाली एक काटा होता. त्या साडीसाठी त्यांनी अख्खी दुपार दुकानात घालवली होती, पन्नास साड्या उलगडून घेतल्या होत्या, दुकानदाराची बोलणी खाल्ली होती. त्यानंतर उभ्या जन्मात त्यांनी बायकोला साडी आणली नाही. "तुझं तूच बघ बाई," म्हणून मोकळे व्हायचे. हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्रिशलाच्यासुद्धा.

ध्यानात आलं ते पुढं एका यंत्राच्या.

त्रिशला गेली साध्या तापाचं निमित्त होऊन. मागं राहिले अप्पा, पुण्यात नोकरी करणारी लेक श्रुतिका आणि त्रिशलाचा फोन. महिनाभरानं श्रुतिका म्हणाली, "अप्पा, आईचं ते 'पेठ'वरचं खातं बंद करून टाका. मी करू का इथून?"

"मी करतो. यंत्रांबरोबर जन्म गेला माझा, तू नको शिकवूस मला."

'पेठ' हे खरेदीचं ॲप. तोवर ही ॲपं पार बदलून गेली होती. पूर्वी सगळ्यांना एकच दुकान दिसायचं, फार तर माल वरखाली मांडलेला असायचा. आता दुकान असं कुठं नव्हतंच. तुम्ही फोन उघडला की त्या क्षणी, तुमच्या एकट्यापुरतं ते उभं राहायचं. चित्रं, मांडणी, शब्द, सगळं ताजं. काचेवरून सरकताना तुमचा अंगठा कुठं मंदावतो, कुठं अडतो, पुढं जाऊन कुठं मागं फिरतो, हे ते टिपून घ्यायचं. माणसाला एखादी वस्तू हवीशी वाटली की ते मनाला कळायच्या आधी अंगठ्याला कळतं, हे ज्यांनी हुडकून काढलं त्यांनी दुकानदारीचं शास्त्रच उलटंपालटं केलं. त्या टिपणांतून प्रत्येक गिऱ्हाइकाची एक 'छाया' तयार व्हायची. म्हणजे नुसते हजारो आकडे, पण त्या माणसाच्या आवडीनिवडीबरहुकूम जुळवलेले.

त्याच्यापुढचा शोध आणखी बेरकी होता. माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या बोलण्यावर ठेवतो. म्हणून मग प्रत्येक वस्तूखालची ओळ गिऱ्हाइकाच्याच भाषेत यायला लागली, त्याचीच लकब उचलून. आणि त्रिशलाला तर फोनशी गप्पा मारायची खोड. "हे नको गं बाई, अंगावर येतं," "ह्याचं हँडल बघ कसं, पोळेल की हात," असं दिवसभर चालायचं. छायेनं ते सगळं पिऊन घेतलं होतं, पाहुण्यांपुढं रंगणाऱ्या जांभळ्या साडीच्या गोष्टीसकट.

अप्पांनी खातं बंद करायला फोन उघडला. समोर चहाची गाळणी. खाली ओळ होती, "जुनीची जाळी सैल झालीय. चहात पत्ती उतरते आणि मग ह्यांचं तोंड वाकडं."

अप्पा उठले. स्वयंपाकघरात जाऊन गाळणी खिडकीपाशी उजेडात धरली. जाळी सैल झाली होती. ते ओट्याला टेकून पोरासारखे रडले. रडून झाल्यावर त्यांनी नवी गाळणी मागवली.

खातं काही बंद झालं नाही.

आधी आधी सगळं कामाचंच यायचं. पायपुसणं, पाट, निरांजनाच्या वाती. वस्तू दारात आली की अप्पांना वाटायचं, हिनंच पाठवली. मग ते फोनशी बोलायला लागले. "अगं, अभ्रे आहेत की घरात." लगेच नव्या अभ्र्यांखाली ओळ बदलायची, "आहेत हो, पण डोक्याच्या तेलानं पार काळवंडलेत. तुमच्याच की!" अप्पा एकटेच हसायचे आणि अभ्रे घ्यायचे.

एके दिवशी त्रिशलाची थोरली बहीण, राजमतीअक्का, जयसिंगपूरहून आली. दारातच थबकली. पुढच्या सोप्यात खोक्यांच्या थप्प्या, जिन्याखाली खोकी, देवघराच्या बाजूला खोकी.

"दाजी, हे घर आहे का वखार?"

"तिला हवं होतं ते घेतोय, अक्का. तुम्ही नका मध्ये पडू."

जाताना अक्कानं श्रुतिकाला फोन लावला.

श्रुतिकाचं त्याच सुमाराला ऋतुराजशी लग्न ठरलं होतं. ऋतुराज पुण्यात असल्याच छाया जुळवण्याचं काम करायचा. दुसऱ्या कंपनीत, पण विद्या तीच. तो सांगलीला आला, चहा घेतला, खोक्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "अप्पा, एक सांगू? राग मानू नका."

"बोला की जावईबापू."

"आई फोन धरत होत्या तोवर ती छाया आईंची होती. आता फोन तुमच्या हातात आहे. छायेला माणूस ओळखता येत नाही, विकत घेणं तेवढं ओळखता येतं. ज्या ओळीवर तुम्ही माल घेता ती ओळ तिच्या लेखी खरी. जिच्यावर घेत नाही ती खोटी, ती पुन्हा येत नाही. असं रोज थोडं थोडं. आई काय घेतील, हा अंदाज तिच्यात आता उरलेला नाही. आईंच्या तोंडून काय ऐकलं की तुम्ही घ्याल, एवढाच अंदाज उरलाय."

अप्पांनी कपातल्या चहाकडं बघितलं. चहात पत्ती नव्हती.

"कळलं," ते म्हणाले. "यंत्राचा निकाल यंत्रालाच परत खायला घालायचा. उपकेंद्रात व्होल्टेज सांभाळणाऱ्या आमच्या पॅनेलला असंच असतं. एकदा का वाहवत गेलं की गेलं."

त्यांना खरोखरच कळलं होतं. खातं बंद करायचं बटण कुठं आहे हेही त्यांना ठाऊक होतं. पंचाईत अशी की कळून उपयोग काही नव्हता.

तरी त्यांनी मनाचा हिय्या केला. फोन बंद करून त्रिशलाच्या कपाटात, इरकल साड्यांच्या घडीखाली सारला. दिवस गेले. घर खायला उठायला लागलं. न राहवून एके सकाळी त्यांनी फोन काढला, 'पेठ' उघडली. वर मोठ्या अक्षरांत होतं, "आपल्यासाठी खास सवलत! त्वरा करा!"

त्रिशला जन्मात कधी 'त्वरा' म्हणाली नव्हती.

त्यांनी खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं. सगळीकडं तेच, परक्या माणसाचं बोलणं. खरेदी थांबली तशी छाया विस्कटून गेली होती. अप्पांना ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. मग त्यांनी काय केलं असेल? दिसेल ते घेत सुटले. पितळी डबे घेतले, गादीचं कापड घेतलं, नको ती पातेली घेतली. ओळींमध्ये कुठं तिचा एखादा शब्द सापडला की ती वस्तू आधी घ्यायची. संध्याकाळपर्यंत एका दिवाणाच्या चादरीखाली ओळ आली, "आलात का? मला वाटलं, रुसलात."

अप्पांनी फोन छातीशी धरला. त्यानंतर तो त्यांनी पुन्हा कपाटात ठेवला नाही.

आता जांभळ्या साडीचं. उन्हाळ्यात एका दुपारी अप्पा चादरी बघत होते. पांढऱ्या, चौकटीच्या, निळ्या, आणि मधेच एक जांभळी. तिच्यावर त्यांचा अंगठा थबकला आणि पुढं गेला. का थबकला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. छायेनं मात्र ते टिपलं. दुसऱ्या दिवशी जांभळी शाल आली. तिच्यावर अंगठा जरा जास्त रेंगाळला. मग साड्या आल्या, जरीच्या.

'पेठे'त 'अंगावर बघा' म्हणून एक सोय होती. फोनमधल्या फोटोंतलं कुणीही घ्यायचं आणि त्याच्या अंगावर कपडा चढवून बघायचा. श्रुतिकानं घरातले जुने अल्बम कधीतरी त्या फोनमध्ये भरून ठेवले होते. तेव्हा साडीबरोबर त्रिशलाच आली. लग्नाच्या वर्षीची, बाहुबली तीर्थाच्या डोंगराच्या पायऱ्यांवर उभी, वाऱ्यानं पदर उडतोय, खळखळून हसतीय. मूळ फोटोत अंगावर इरकल होती. आता गर्द जांभळी. खाली ओळ होती, "तुम्ही आणलेली ती जांभळी आठवते का हो? परत केली, चुकलंच माझं. मन मोडलं तुमचं."



हे वाक्य ऐकायला अप्पा संसारभर थांबले होते. थांबलोय हेही त्यांना माहीत नव्हतं. ओळ कोण लिहितंय, कशी लिहितंय, का लिहितंय, ऋतुराजनं सांगितलेलं अक्षरन् अक्षर त्यांच्या डोक्यात होतं. तरी डोळे वाहायचे थांबेनात. "नाही गं, तसं काही नाही," ते फोनला म्हणाले, आणि साडी घेतली. कुणासाठी घेतली म्हणाल, तर त्यांना तरी कुठं ठाऊक! आली तशी ती कपाटात इरकल साड्यांच्या वर ठेवून दिली.

जी ओळ खपते ती छाया पुढं नेते. महिन्याभरात "परत करायला नको होती" असं यायला लागलं. मग, "परत कशाला करीन मी?" मग, "ती जांभळी नेसले की सगळ्या वळून बघायच्या." आणि प्रत्येक ओळीबरोबर एक फोटो. जांभळी नेसलेली त्रिशला तुळशीपाशी, मंदिराच्या दारात, श्रुतिकाला कडेवर घेऊन.

आपण समजतो, आठवण म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेलं कापड. मेंदूचे अभ्यासक म्हणतात तसं नाही. दरवेळी आठवताना मेंदू ते कापड नव्यानं विणतो आणि हाताशी असेल तो धागा घालतो. परत केलेल्या साडीचा फोटो कुणी काढत नाही. ती आठवण नुसती बोलण्याची होती, आणि आता ती गोष्ट ऐकायला पाहुणेही येत नव्हते, दारातून पुरवणी जोडणारीही नव्हती. फोटो मात्र रोज येत होते.

दिवाळीनंतर बस्ता ठरला. बस्ता म्हणजे दोन्ही घरच्या मंडळींनी मिळून लग्नाचं सगळं कापड एका दुकानात एकदमच घ्यायचं. मगदुमांच्या घरात त्यातही एक रीत होती. पहिली साडी नवरीच्या आईनं उचलायची, तिच्या काठाला कुंकू लावायचं आणि मगच बाकीच्या गाठोड्याला हात घालायचा. लग्नात अंगावर हळद लागते तेव्हा मुलीनं तीच साडी नेसायची.

"अक्का उचलेल की," असं कुणीतरी सुचवलं. श्रुतिका म्हणाली, "नाही. अप्पाच उचलतील. आईची नजर त्यांच्याएवढी कुणाला माहितीय?" मग ती अप्पांचा हात धरून हळूच म्हणाली, "मला त्या दिवशी तिच्या पसंतीचं काहीतरी अंगावर हवंय, अप्पा. तेवढं एकच हवंय."

"तू कशाला काळजी करतीस? मला पाठ आहे ती," अप्पा म्हणाले.

गणपती पेठेतलं दुकान. पांढऱ्या गाद्यांवर दोन्हीकडची मंडळी मांडी ठोकून बसलेली, सरबत फिरतंय, गुमास्ता एकावर एक साड्या उलगडतोय. इरकल आली, साधी रेशमी आली, मातकट, गवती, विटकरी. अप्पा मान हलवत राहिले. मग एक साडी उलगडली तशी ते पुढं सरकले, दोन्ही हातांनी उचलली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली. गर्द जांभळी, चकचकीत, आणि हातभर जरीचा पदर.

अक्का फिस्सकन हसली. "वांगं! अगं बाई, दाजींनी वांगं उचललं!" श्रुतिकाही हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय हो अप्पा! आज आई असती ना!" तिनं व्याह्यांकडं वळून ती जुनी गोष्ट थोडक्यात सांगितली, तशी तिकडची मंडळीही हसली. बाप आईच्या आठवणीला मुजरा करतोय, असंच सगळ्यांना वाटलं.

"चला, आता खरी उचला," श्रुतिका डोळे पुसत म्हणाली.

अप्पा गोंधळून सगळ्यांकडं बघत होते. "खरीच उचललीय की."

"अप्पा, पुरे आता."

"अगं, थट्टा कसली? जांभळाच तर तिचा रंग. पहिल्या दिवाळीला मी आणलेली ती साडी किती जपून नेसायची! बाहुबलीला गेलो तेव्हा तीच होती अंगावर. पायऱ्यांवर वारा म्हणजे नुसता... पदर आवरेना तिला." ते अक्काकडं वळले. "आणि ते वांग्याचं काय म्हणालात तुम्ही?"

गुमास्त्याचे हात साडीवर तसेच राहिले. अक्काच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"दाजी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ती साडी त्रिशलानं परत केली होती. दुसऱ्याच दिवशी. तुम्हीच तर सांगत आलात जन्मभर."

अप्पांनी ऐकलं. अक्का खोटं बोलणारी बाई नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते आत शोधायला लागले. कुठंतरी एक हाळी होती, सासूबाईंच्या नावानं मारलेली. ती धरायला गेले की समोर जांभळी नेसलेली त्रिशलाच यायची, पायऱ्यांवर हसत उभी. कितीही मागं जा, तीच. मग ऋतुराजचं बोलणं त्यांना आठवलं, शब्दन् शब्द. यंत्र वाहवत गेलं एवढंच आपण समजत होतो. आपणही त्याच्याबरोबर वाहवत गेलोय हे आता त्यांना कळत होतं, आणि मागं फिरायची वाट दिसत नव्हती. खरं काय ते सांगू शकणारी एकच बाई होती. तिला विचारायचं तर कुठं विचारायचं, हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हात खिशाकडं गेलाच.

"फोटो आहे की," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच केविलवाणा वाटला. "हे बघ. मी काय उगीच सांगतोय?"

श्रुतिकानं फोन घेतला. बापाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, नुसतं बघितल्यासारखं करून परत द्यायचा, असंच तिच्या मनात असणार. तिनं काचेकडं बघितलं.

आई होती. तिच्याच वयाची. मोकळं, खळखळून हसणारी, नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी ताजी. आजारातलं काळवंडलेलं तोंड नव्हे. खाली ओळ होती, "माझ्या श्रुतीला हीच घ्या हो. मला किती शोभायची!"

"श्रुती, फोन ठेव," मागून ऋतुराज म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"थांब ना जरा."

अप्पा लेकीच्या हाताकडं बघत होते. तिथं काय होतंय ते त्या दुकानात ऋतुराजखेरीज त्यांनाच तेवढं कळत होतं. फोन हिसकावून घ्यावा असं त्यांच्या मनात आलं. पण हात उचलेना, कारण ते तिला काय दाखवून समजावणार होते? त्यांच्याजवळही तोच एक फोटो होता.

"छान दिसते ना?" त्यांनी विचारलं.

जांभळी साडी अजून श्रुतिकाच्या मांडीवर होती, आणि तिचा अंगठा त्या फोटोवरून हलत नव्हता.